पिल्लाचा श्वास मोजताना
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही लष्कर भागात जनकगंजला एका जुन्या वाड्यात राहतो. दहा दिवसांपूर्वी मुरारला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडून आम्ही मांजराचे एक पिल्लू आणले. ते साधारण दोन महिन्यांचे असून त्याचा रंग भाजलेल्या तिळासारखा आहे, म्हणून माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्याचे नाव ‘गजक’ ठेवले आहे. पहिले पाच-सहा दिवस ते उत्तम खेळत होते. गेल्या चार दिवसांपासून मात्र त्याला सारख्या शिंका येतात, डावा डोळा पाणावतो व सकाळी चिकटलेला असतो, आणि कालपासून त्याचे खाणेही कमी झाले आहे. सर्वांत मोठी काळजी श्वासाची आहे. काल रात्री ते माझ्या मांडीवर घुरघुरत पडले असताना मी घड्याळ लावून श्वास मोजले, ते मिनिटाला 58 भरले. माझे स्वतःचे मोजले तर 16. तेव्हापासून मला झोप नाही. थंडी कडक असल्यामुळे आम्ही त्याला आतल्या खोलीत दार-खिडकी लावून सिगडीजवळ ठेवतो. दिवसातून तीन वेळा गाईचे दूध ड्रॉपरने पाजतो, एरवी दूध-पोळी देतो. छातीला बाम चोळून ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवावी, असे सासूबाई म्हणतात. शेजारच्या काकू तापाच्या गोळीचा पाव तुकडा देण्यास सांगतात. 58 हा आकडा धोक्याचा आहे का? हे उपाय करावेत का? मुलीला यातून काही होईल का?
— एक वाचक भगिनी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट पाहण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून पत्र हाती येताच आपल्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवशी आपण गजकला डॉक्टरांकडेही नेलेत. तरीही आपल्या संमतीने हे उत्तर सविस्तर छापत आहोत, कारण थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेरच्या घराघरांतून हीच काळजी आणि हेच उपाय ऐकू येतात.

प्रथम त्या 58 विषयी. मांजर घुरघुरते तेव्हा श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा तो आवाज चालू असतो आणि सारे अंग थरथरत असते. अशा वेळी मोजलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय मांडीवरचे पिल्लू जागे असते, कुशीत शिरत असते, आणि जागेपणी त्याचा श्वास झोपेतल्यापेक्षा बराच जलद चालतो. आणखी एक चूक अनेक जण करतात, ती म्हणजे छातीचे वर जाणे एक आणि खाली येणे दुसरे असे धरणे. वर जाऊन खाली आली की एक श्वास पूर्ण होतो. आपणही दोन्ही वेगवेगळे मोजले होते, हे बोलण्यातून पुढे आले, आणि तेवढ्यानेच 58 चे 29 झाले.

खरी मोजणी झोपेत करावी. पिल्लू झोपल्याबरोबर लगेच मोजायला बसू नये. झोपेच्या एका टप्प्यात त्याच्या मिशा फडफडतात, पंजे हलतात, पापण्यांखाली डोळे फिरतात आणि श्वास वेडावाकडा चालतो. तो टप्पा संपून अंग निवांत होऊ द्यावे. मग हात न लावता, थोडे बाजूला बसून, बरगड्या संपतात तेथे नजर ठेवून अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावे. निरोगी प्रौढ मांजर झोपेत मिनिटाला साधारणपणे 16 ते 30 श्वास घेते. लहान पिल्लाचा आकडा याहून थोडा पुढे गेला तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण गाढ झोपेत तो वारंवार 40 च्या वर राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात हा आकडा लिहून ठेवला तर आठवडाभरात त्याचा कल दिसू लागतो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा मी त्या कलाला अधिक मानतो. जमल्यास झोपेतल्या श्वासाचे मोबाईलवर अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. दवाखान्यात शिरताच मांजर भेदरते आणि श्वास वाढतो, त्यामुळे घरी तो कसा चालतो हे डॉक्टरांना अन्यथा कळत नाही.

मात्र श्वास मोजण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो घेण्यासाठी पिल्लाला किती कष्ट पडतात हे पाहणे महत्त्वाचे आहे. महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असताना एका मुलाने कापडी पिशवीतून आणलेले पिल्लू मला आजही आठवते. ते टेबलावर चारही पाय रोवून बसले होते, कोपरे अंगापासून दूर फाकलेली, मान पुढे ताणलेली, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमागचे पोट आत ओढले जात होते. आकडा पाहिला तर चाळिशीच्या आसपासच होता. मी तपासण्यासाठी त्याला आडवे करू लागलो, तोच आमच्या सरांनी माझा हात धरला. धाप लागलेल्या मांजराला आधी प्राणवायू द्यायचा, थोडे स्थिर होऊ द्यायचे आणि मगच हात लावायचा. दाबून धरल्याने होणारी झटापट त्याला झेपत नाही. घरीही हाच नियम आहे. असे पिल्लू दिसले, तोंड उघडे ठेवून श्वास घेताना दिसले, किंवा जीभ-हिरड्या निळसर-राखाडी दिसल्या, तर त्याला पाठीवर उताणे करू नये, पाणी पाजू नये, छाती चोळू नये. हवा खेळेल अशा टोपलीत बसवून, आधी दवाखान्यात दूरध्वनी करून, तसेच घेऊन निघावे. दुचाकीवरून नेताना थंडीच्या भीतीने शालीत तोंड झाकून टाकण्याची चूकही मी अनेकदा पाहिली आहे.

आणि हो, घुरघुरणे हा पिल्लू खुशाल असल्याचा पुरावा नव्हे. वेदनेत आणि भीतीतही मांजरे घुरघुरतात.

त्या रात्री आपण झोपेत पुन्हा मोजून 36 हा आकडा कळवलात. पोट ओढले जात नव्हते, तोंड मिटलेले होते. शिंकांनी नाक चोंदले असता एवढे वाढणे समजण्यासारखे होते, तरी मी आपल्याला वरचा ओठ हलकेच उचलून हिरड्या पाहण्यास सांगितले, आणि आपण म्हणालात की त्या मुळ्याच्या आतल्या गाभ्यासारख्या पांढरट दिसतात. येथे माझे लक्ष फुप्फुसांवरून रक्ताकडे गेले. आपण पांढऱ्या ओल्या रुमालावर गजकच्या पाठीवरून बारीक दातांचा फणा फिरवलात, मोहरीहूनही बारीक असे काळे कण पडले, आणि पाहता पाहता त्या प्रत्येक कणाभोवती गंजासारखा तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिल्लाचेच पचवून टाकलेले रक्त. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात रक्त असते ते किती! पिसवा पुष्कळ झाल्या तर ते पंडुरोगी होते, आणि कमी रक्तावर सर्व शरीराला प्राणवायू पुरवायचा म्हणून श्वास व नाडी दोन्ही वाढतात. श्वास जलद आहे म्हणजे छातीतच बिघाड आहे असे धरून चालणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट नेमकी सुटते. आपल्या डॉक्टरांनीही तेच निदान केले आणि पिल्लाच्या वजनाला चालणारे पिसवांचे औषध दिले, हे योग्य झाले. कुत्र्यांसाठी मिळणारे पिसवांचे थेंब मांजरावर कधीही वापरू नयेत. त्यांपैकी अनेकांत पर्मेथ्रिन असते, आणि त्याने मांजराला झटके येऊन मृत्यू येऊ शकतो.

जंतांचेही असेच आहे. मांजराच्या गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाच्या पोटात जातात, आणि अंडी पोटात गेली तर त्यातून निघालेल्या अळ्यांचा काही प्रवास फुप्फुसांतून होऊन खोकला लागतो. आणलेल्या पिल्लाला आधी जंतांचे औषध दिले होते की नाही, हे नणंदबाईंना विचारून डॉक्टरांना सांगावे.

शिंका आणि चिकटणारा डोळा यांचे कारण बहुधा ज्याला आपण मांजराचा फ्लू म्हणतो तोच. मांजरांमधील अशा सर्दीच्या मागे बहुतेक वेळा नागीण-कुळातला हर्पिस विषाणू किंवा कॅलिसी विषाणू असतो. हर्पिस एकदा शिरला की बहुतेक मांजरांच्या शरीरात जन्मभर दबून राहतो आणि मनावर ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. घर बदलणे, आईपासून तुटणे, मुलांच्या हातांतून फिरणे, हे सारे पिल्लासाठी ताणच आहेत. त्यामुळे नव्या घरात पाच-सहा दिवस ठीक जाऊन मग शिंका सुरू होणे हा नेहमीचा क्रम आहे, त्यात आपल्या हातून काही चुकले असे मानू नये. जिभेवर फोड दिसले तर कॅलिसीचा संशय अधिक. प्रतिजैविक औषधे विषाणूवर चालत नाहीत. स्राव घट्ट आणि पिवळा-हिरवा झाला, म्हणजे वरून जिवाणूंनी हल्ला केला, तर डॉक्टर ती देतात. उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून देऊ नयेत.

या आजारात पिल्लू खचते ते बहुधा उपासाने. मांजर आधी वास घेते, मग खाते. नाक चोंदले की समोरचे अन्न त्याच्या लेखी अन्नच राहत नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून, त्यात कापूस भिजवून व पिळून नाकपुड्या आणि डोळ्याचा कोपरा दिवसातून तीन-चार वेळा पुसावा, डोळ्यासाठी आणि नाकासाठी वेगळा कापूस घ्यावा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून, पिल्लाला मांडीवर घेऊन दहा मिनिटे त्या वाफेत बसावे. पाण्यात काहीही टाकू नये. नंतर लगेच अन्न किंचित कोमट करून पुढे ठेवावे. एवढ्या लहान पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज त्याच वेळी वजन करावे. या वयात ते आठवड्याला सुमारे 100 ग्रॅमने वाढायला हवे, आणि दोन दिवस ओळीने घटले तर ते सर्दीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावे.

आता सिगडी. ताई, ती प्रथम बाहेर काढावी, आणि हे केवळ गजकसाठी सांगत नाही. बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. जानेवारीच्या धुक्यात आपल्याकडे पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा अशा खोल्यांतून माणसे दगावल्याच्या बातम्या वाचण्याची वेळ आपल्या शहरावर येते. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला तर हा वायू दुप्पट भोवतो. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी गोधडी अंथरावी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. त्या खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल काही दिवस बंद ठेवावी. देवघर त्याच खोलीत असेल तर सासूबाईंना तुपाच्या निरांजनावर समाधान मानण्याची विनंती करावी.

सासूबाईंच्या आणि शेजारच्या काकूंच्या उपायांमागची माया मला समजते, आणि माणसाच्या लेकराला ते उपाय वर्षानुवर्षे चालत आले आहेत; पण मांजराचे यकृत माणसासारखे नाही. काही विशिष्ट रसायनांना साखरेच्या एका आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याची जी क्षमता आपल्या यकृतात असते, ती मांजरात अत्यंत तोकडी आहे. तापाच्या गोळीतले पॅरासिटामॉल त्यामुळे मांजराच्या शरीरात विषारी रूप घेते. रक्ताचा रंग तपकिरी होतो, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या करड्या-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि पिल्लू धापा टाकत मरते. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीने पूर्ण वाढलेले मांजरही दगावू शकते. पाऊण किलोच्या पिल्लाला पाव तुकडा म्हणजे काय, याचा हिशेब आपणच करावा. बामातला कापूर, पुदिन्याचा अर्क आणि निलगिरीचे तेल त्वचेतून तर जातेच, पण मांजर अंग चाटते, म्हणजे छातीला चोळलेला बाम पोटातही जातो. ओव्याचा झणका ज्या थायमॉलमुळे असतो, ते फिनॉलच्या कुळातले द्रव्य असल्याने पुरचुंडीही नकोच. त्याच कारणाने फरशी पुसण्याच्या पाण्यात फिनाइल टाकणे थांबवावे. पिल्लू ओल्या फरशीवरून चालते आणि पंजे चाटते. साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुरेशी स्वच्छ होते.

ड्रॉपर आजच ठेवून द्यावा. दोन महिन्यांचे पिल्लू स्वतः चाटून पिऊ शकते, आणि नाक चोंदलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध सोडले की ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. गाईचे दूध अनेक पिल्लांना पचतही नाही. जुलाब लागले की अंगातले पाणी कमी होते आणि नाकातला स्राव आणखी घट्ट होतो.

दूध-पोळीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या मराठी घरांत मांजराचे जेवण म्हणजे दूध-पोळी हे समीकरण पक्के बसले आहे. वाड्यातली जुनी मांजरे त्यावर जगली असे आपण म्हणतो, पण ती उरलेले पोट उंदीर-चिमण्यांवर भरत होती, हे आपण पाहत नव्हतो. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही, आणि ते मांस-मासळीतून मिळते, पोळीतून मिळत नाही. ते कमी पडले तर मांजराच्या हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगते, हे 1987 साली अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. अशा हृदयविकाराची पहिली खूण पुष्कळदा श्वासच असतो; म्हणजे आज श्वासाची चिंता करत असताना उद्याच्या श्वासाचा आजार आपण ताटलीत वाढत असतो. आपल्या घरी मांसाहार शिजत नाही, असे आपण सांगितले होते. मग पिल्लांसाठीचे तयार ओले खाद्य आणावे. पाकीट उघडून ताटलीत ओतले की झाले, स्वयंपाकघराला त्याचा स्पर्श होण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे चालते त्यांनी पिल्लू मलूल असेपर्यंत उकडलेल्या चिकनचे कोमट पाणी द्यायला हरकत नाही, परंतु त्यात कांदा-लसूण अजिबात असू नये, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

मुलीला गजकचा फ्लू होणार नाही. हे विषाणू मांजरांचे आहेत. हात मात्र साबणाने धुवावेत, आणि पिल्लाने ओरबाडले किंवा चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण रेबीजच्या बाबतीत धोका पत्करण्यात शहाणपण नाही. गजक पूर्ण बरा झाला की लसी सुरू कराव्यात. फ्लूचे दोन विषाणू आणि पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार यांची एकत्रित लस साधारण आठव्या आठवड्यापासून, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात, आणि रेबीजची तीन महिने झाल्यावर.

प्रश्न : आमचे चार महिन्यांचे पिल्लू दोरीमागे धावून धावून कधी कधी कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकते. एरवी खाते-पिते. हे चालते का?
— एक वाचक, मुरार

उत्तर : जोराच्या खेळानंतर एखाद्या वेळी तोंड उघडले आणि विश्रांती देताच एक-दोन मिनिटांत मिटले, तर ते खपवून घेता येईल. आपण मात्र ‘कधी कधी’ असे लिहिता, म्हणजे हे पुन्हा पुन्हा घडते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, मांजराची ती सवय नव्हे, म्हणून डॉक्टरांकडून स्टेथॉस्कोपने छाती तपासून घ्यावी. हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र असणे किंवा छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून आतडी वर सरकणे, असे दोष याच वयात, खेळताना उघडकीस येतात. आवाज संशयास्पद वाटल्यास डॉक्टर एक्स-रे किंवा इको करण्यास सांगतील. तोपर्यंत दोरीचा खेळ थोडा थोडा, मध्ये थांबून खेळावा. मे-जूनमध्ये आपल्याकडे लू सुरू झाल्यावर मात्र धाप दिसली तर ती उष्माघाताची समजून, पिल्लाला गार जागी नेऊन, अंग साध्या पाण्याने ओले करून तडक दवाखान्यात न्यावे. बर्फाचे पाणी ओतू नये.

प्रश्न : झोपेत पिल्लाचे पाय झटकतात आणि क्षणभर श्वास थांबल्यासारखा वाटतो. उठवावे का?
— एक वाचक भगिनी, लष्कर

उत्तर : उठवू नये. वर सांगितलेला झोपेचा टप्पा तो हाच. हाक मारल्यावर ते डोळे उघडून आपल्याकडे पाहत असेल आणि हिरड्या गुलाबी असतील, तर त्याला झोपू द्यावे. हाकेने जाग आली नाही, अंग ताठरले, तोंडाला फेस आला किंवा झोपेतच लघवी झाली, तर मात्र तो झटका असू शकतो. त्याचे चित्रण करून लगेच डॉक्टरांना दाखवावे.